डबा पसंत आहे, अप्पा

अल दुहैल, दोहा
मार्च २०२२

तीर्थस्वरूप अप्पांच्या चरणी जावई शशिकांतचा साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही खुशाल. तुमची खुशाली मी विचारत नाही, कारण उत्तर पाठ झालंय: ‘ठणठणीत!’ सासूबाई गेल्या तेव्हापासून तुम्ही फोनवर हा एकच शब्द वापरता आणि त्यावर तुमच्या मुलीचा काडीचा विश्वास बसत नाही. कोल्हापुरात एकटे राहता, जेवता की नाही, गुडघा काय म्हणतो, यातलं काहीही त्या शब्दातून कळत नाही, असं उल्काचं म्हणणं. शिवाय फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकू आलं नाही असं दाखवता. म्हणून हे पत्र. विनंती एवढीच, की शेवट आधी वाचू नये. हा तांत्रिक अहवाल आहे, क्रमाने वाचावा.

विषय आहे टीव्हीला जोडायचा डबा. दिवाळीत उल्काने तुम्हाला दोह्याला बोलावलं, तेव्हा तुम्ही म्हणालात की फुटबॉलचा सीझन सुरू होतोय. मी म्हटलं, अप्पा, इकडे अख्खा वर्ल्डकप येतोय. (येतोय म्हणजे काय, आलाच आहे. निम्मे रस्ते खणलेत, उरलेले वळवलेत, कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, उलटं मोजणारं घड्याळ लावलंय, आणि आमच्या ऑफिसात ज्यांना ऑफसाइड ही बसायची जागा वाटते तेसुद्धा व्हॉलंटिअर व्हायला निघालेत.) त्यावर तुमचं उत्तर मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय: ‘वर्ल्डकप काय हो जावईबापू, चार वर्सांनी येतोयच. आमच्या तालमीची मॅच परवा हाय.’ तेव्हा उल्काने ठरवलं की अप्पा येत नाहीत तर इथून कोल्हापूर बघायचं. तुमच्याकडची पोरं मैदानावरून मॅच थेट दाखवतात, ती तिने मोबाइलवर लावली, पण त्यात खेळाडू मुंगीएवढे आणि गॅलरीतली माणसं मोहरीएवढी. आमचा टीव्ही चांगला मोठा, पण जुना. इंटरनेट म्हटलं की बिचारा निळा पडतो. त्याला जोडायला एक छोटा डबा मिळतो, तो आणा, असा हुकूम झाला.

आता माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. प्लँटवर साधा व्हॉल्व्ह घ्यायचा तरी आम्ही तीन जणांकडून कोटेशन मागवतो, आधी तांत्रिक पाकीट उघडतो, मग किमतीचं. हे सगळं करताना एक पथ्य कटाक्षाने पाळतो: ज्याला ती वस्तू वापरायची आहे त्याला काही विचारायचं नाही. विचारलं की काम वाढतं. तेव्हा उल्काला न विचारता मी डब्याचं स्पेसिफिकेशन लिहिलं. मेमरी किती, वायफाय कुठलं, रिमोट हातातून पडला तर काय. अंतराने ते वाचलं आणि म्हणाली, ‘बाबा, इट्स अ टीव्ही बॉक्स, नॉट अ रिफायनरी.’ (तुमची नात मराठी सगळं समजते, पण बोलायची वेळ आली की इंग्रजीत अपमान करते.)

पहिला डबा अबूबकरच्या दुकानातून आणला. हा केरळातल्या मलप्पुरमचा माणूस, फुटबॉलचा तुमच्याइतकाच वेडा, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला जमत नाही. मराठी लगेगा क्या? लगेगा. कोल्हापूर का मॅच? इन्शाल्ला. डब्यात हजार चॅनेल निघाले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तुर्की बायका वांगी भाजत होत्या. मॅचही लागली, पण अडखळत. चेंडू हवेत असताना चित्र थिजायचं, आणि पुढे सरकायचं तेव्हा रेफरी कुणाला तरी लाल कार्ड दाखवत असायचा. मी मात्र सगळ्या चाचण्या घेतल्या आणि डबा पास केला. उल्काने नापास केला. गॅलरी दिसत नाही म्हणाली. मी तिला शांतपणे समजावलं की फुटबॉल मैदानात खेळतात, गॅलरीत नाही. त्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं, ते तुमच्या घराण्याचं बघणं आहे, जास्त लिहीत नाही.

तेव्हा कुठे गिऱ्हाइकाची खरी गरज मला कळली. तुमची मुलगी मॅच बघतच नव्हती, अप्पा. ती छत्री शोधत होती. तुमची ती काळी छत्री, जिच्या फाटक्या कापडाला सासूबाईंनी आपल्या इरकली लुगड्याचं हिरवं ठिगळ लावलंय, जी तुम्ही भर गॅलरीत उघडून बसता, मागचे लोक ‘ओ अप्पा, मिटा की’ म्हणून बोंबलतात आणि तुम्ही हयातीत कधी मिटली नाहीत. ती दिसली की उल्का ‘आलेत अप्पा’ म्हणते आणि कुकर लावायला जाते. स्कोअर विचारतसुद्धा नाही. एवढ्या एका ठिगळासाठी मी तीन कोटेशनं मागवत होतो.

दुसरा डबा अंगठ्याएवढा. चित्र सुरेख, ठिगळाचा हिरवा रंगसुद्धा दिसला. उल्काच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या भरात तिने तुम्हाला फोनवर सांगून टाकलं, की अप्पा, दर मॅचला तुमची छत्री आम्हाला इथे घरबसल्या दिसते, आता मला काळजी नाही. तुम्ही आधी विचारलंत, ‘नुसती छत्रीच दिसती न्हवं?’ मग म्हणालात, ‘लई भारी.’ (त्या प्रश्नाची नोंद मी तांत्रिक कुतूहल अशी केली. चूक माझी.) पण हा डबा टीव्हीच्या मागे इतका तापायचा की मध्यंतराला रुसून बंद पडायचा. अंतराचा गुलाबी टेबलफॅन त्याच्यावर रोखून ठेवला, तर अंतरा रुसून बसली. सामना सुरू असताना दोघांपैकी एकालाच गार ठेवता यायचं.

म्हणून तिसरा. हा जोडायला अबूबकर स्वतः घरी आला, भिंतीकडेने वायर ओढली, ‘यल्ला’, म्हणजे चला, म्हणून सुरू केला आणि तुमच्या तालमीची मॅच संपेपर्यंत हलला नाही. जाताना म्हणाला, आपका गोलकीपर अच्छा है, बाकी सब मलप्पुरम भेज दो, सिखा देंगे. (हे तालमीत सांगू नये.) चित्र म्हणाल तर गॅलरीतल्या माणसाच्या शर्टाची गुंडी तुटलीय की शाबूत आहे तेही कळतं. उल्काने पास केला, मी सही केली, खलास. डबा पसंत आहे. अहवाल इथे संपला.

तालमीतल्या सर्वांना रामराम, तुम्हाला पुन्हा नमस्कार, आणि जावयाच्या हातून काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर ते जावयाकडेच ठेवावं.

आपला,
शशिकांत

ता. क. कांदा-लसूण मसाला संपलाय. इथे मिळतो तो नुसता लाल असतो.

दुसरा ता. क. तुमच्या दोस्ताला, मच्छिंद्रकाकांना, माझा विशेष नमस्कार. गेल्या शुक्रवारी तिसऱ्या डब्यावर मॅच लावली होती. छत्री नेहमीच्या जागी, ठिगळासकट. उल्का निर्धास्त होऊन भात बघायला गेली आणि तेवढ्यात पलीकडच्या पेठेने गोल मारला. आपली अख्खी गॅलरी सुन्न. फक्त एक छत्री उभी राहिली आणि नाचायला लागली! उल्का हातात झारा घेऊन दारात उभी. एवढंच म्हणाली, ‘हे अप्पा नव्हेत.’ मग डब्याने आपलं काम चोख केलं. छत्रीखाली मिशा दिसल्या. अंतरा म्हणाली, ‘दॅट्स मच्छिंद्र आजोबा.’ तुम्ही आजन्म सफाचट, आणि काका पलीकडच्या पेठेचे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझा काकांवर राग नाही. वैऱ्यांच्या गॅलरीत मित्राची छत्री धरून बसायचं आणि स्वतःच्या तालमीने गोल मारला तरी तोंड पाडून ठेवायचं, हे किती वेळ जमणार? माणूस आहे, उसळला.

तुम्ही मात्र त्या संध्याकाळी फोनवर म्हणालात, ‘मैदानावरच हुतो की. ठणठणीत.’ उल्का ‘बरं अप्पा’ म्हणाली, फोन पालथा ठेवला आणि तिथेच बसून रडली. मी वायर तपासायला टीव्हीच्या मागे गेलो. वायर ठीक होती. मला वाईट वाटलं. अहवालात असं लिहीत नाहीत, पण लिहितो.

तिसरा ता. क. हे पत्र टपालाने न येता मच्छिंद्रकाकांच्या हातून का आलं, असा प्रश्न तुम्हाला सुरुवातीलाच पडला असेल. ते आत्ता तुमच्यासमोर बसून फरशी न्याहाळत असतील. त्यांना रागावू नका; गुडघ्यामुळे तुम्हाला घराबाहेर पडवत नाही, हे आम्ही खोदून विचारल्यावरच त्यांनी सांगितलं. उल्का त्यांच्या ओसरीवर बसली आहे. हे पत्र घेऊन सकाळीच पोचली. थेट आली असती तर तिला बघून तुम्ही गुडघा लपवायला ताडकन उठला असता आणि पडला असता, म्हणून आधी पत्र. डॉक्टरांकडे ती नेईल. बरं वाटलं की तिच्याबरोबर इकडे या, तुमची खोली तयार आहे, आणि तालमीची एकही मॅच बुडणार नाही याची हमी डब्यासकट मी देतो. छत्री काकांकडून परत घ्या, इथे ऊन फार आहे.

आता तिला हाक मारा. ‘ठणठणीत’ सोडून दुसरा कुठलाही शब्द चालेल.