वाइड अँगलमधलं घर

२ जानेवारी
संकल्प : लोकांच्या घरात शिरल्यावर नाक मुरडायचं नाही. मी कलावंत आहे. ब्रोकर अप्पारावच्या भाड्याच्या जाहिरातींसाठी फ्लॅटचे फोटो काढतो, हे तात्पुरतं.

५ जानेवारी
काचीगुड्यातला रिकामा फ्लॅट. शी! हॉलच्या भिंतीला छतापर्यंत ओल, वर काळी बुरशी. मोरीत कुणाचे तरी केस. संकल्प दारातच मोडला. तोंडाला रुमाल बांधून एका कोपऱ्यातून वाइड अँगल लेन्सने चार फोटो मारले, त्यात खोली दुप्पट दिसते; अप्पारावला पाठवले. भिंतींचं तो बघेल, त्याच्याकडे फोटो सजवायचं ॲप आहे. असल्या जागा मी लक्षात ठेवत नाही. जेवण जात नाही.

९ जानेवारी, सकाळी
आमच्या बरकतपुऱ्याच्या घरमालकांचा, किशनरावांचा मुलगा परत येतोय. महिनाअखेर घर हवंय. अडचण असेल तर मार्चपर्यंत राहा म्हणाले. उपकार नकोत. एकतीसलाच सोडतो, असं ठणकावलं. बायको, शर्वरी, म्हणाली, आधी दुसरं घर तर बघ. बघायला काय लागतं? माझा धंदाच तो.

१७ जानेवारी
ऑनलाइन बत्तीस घरं पाहिली. सगळी गलिच्छ. एका फोटोत आरशात फोटोग्राफरचा बनियन.

२१ जानेवारी
सापडलं! मैदानाएवढा हॉल, पांढऱ्याशुभ्र भिंती, करडा सोफा. आणि फोटो! या शहरात उजेड कळणारा आणखी कुणीतरी आहे म्हणायचा. नंबर अप्पारावचाच निघाला. टेन्शन नक्को सार, आप तो देखेच है, म्हणाला. पाहिलंच की, चार फोटो. शर्वरी म्हणे, जाऊन बघू. फोटोवरून घर ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. पक्कं करून टाकलं.

३१ जानेवारी
अप्पारावने टेम्पोवाल्याला परस्पर दिलेल्या पत्त्यावर निघालो, तर टेम्पो काचीगुड्याच्या त्याच गल्लीत वळला. दार उघडलं. तोच वास. सोफा नाही, तो ॲपमधला. मोरीतले केस मात्र जागच्या जागी. अप्पारावला फोन लावून ओरडलो, कुठल्या गाढवाने काढले हे फोटो? तो म्हणाला, सार, आपिच निकाले ना. फोन स्पीकरवर होता, शर्वरी शेजारी.
किशनरावांकडे मुलाचं सामान लागलंय.

१ फेब्रुवारी
गाद्या ओलसर. किळस आली, पण बोलणार कुणाला? फोटो काढताना मी उभा होतो तेवढाच कोपरा कोरडा आहे. तो शर्वरीने घेतला. मी बुरशीच्या भिंतीपाशी, तोंडाला रुमाल बांधून लिहितोय. इथून सगळा हॉल दिसतो. केवढासा आहे.