बर्फातले बावीस साक्षीदार

अर्विंग, २ फेब्रुवारी २०२५

ती. शिमशोनकाकांना शालोम आणि नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? रिव्काकाकूची शुगर? डॅनियलची पाठ, की तो अजून लॅपटॉपवर वाकूनच बसतो?

लग्न तोंडावर आलं आणि माझं डोकं फिरलंय. इथले रब्बी म्हणतात, सिनाय पर्वतापाशी सहा लाखांनी देवाची वाणी ऐकली. एकटा माणूस थाप मारेल, पण अख्ख्या राष्ट्राला 'तुमच्या पूर्वजांनी हे पाहिलं' असं खोटं पटवता येत नाही. म्हणून चमत्कार सिद्ध. मला पटलं. मग मी आपली गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही ईडन प्रेरीत राहायचात, तेव्हा तुमच्याकडे एलियाहू हन्नाबी या पैगंबराच्या नावाने मलिद्याच्या विधीचं पोहे-खोबऱ्याचं ताट मांडलं होतं, एक अनोळखी म्हातारा येऊन जेवून गेला, बाहेर ताज्या बर्फात परत गेल्याची पाऊलखूण नाही. बावीस जणांनी पाहिलं. रब्बी हसले, म्हणाले, ही लोककथा. मग सिनाय काय? आपली गोष्ट खोटी निघाली तर लग्नाचा मलिदा मी कॅन्सल करणार. तुम्ही तिथे होता, स्पष्ट लिहा.

तुमची अबीगेल

कॅरी, ९ फेब्रुवारी २०२५

चि. अबीगेलला काकाचे आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो. काकूची शुगर माझ्यासारखीच तिचं ऐकते. डॅनियलला वाकू नकोस म्हटलं, तर 'ओके डॅड' म्हणून आणखी वाकला.

तो म्हातारा बस चुकलेला. फोन करायला आला, काकूने जेवायला बसवलं. मी त्याला मागच्या गॅरेजमधून गाडीने घरी सोडलं. सगळ्यांचे जोडे पुढच्या दाराशी, म्हणून सगळे तिथलाच बर्फ बघत बसले. आपल्या गर्दीत मी नाही हेही कुणाला कळलं नाही. परतलो तर घरात पैगंबर येऊन गेला होता. महिनाभर 'मला अलिबागला पाठवा' म्हणून रडणारी काकू हसत होती. मी मूग गिळले. आता तेव्हा न जन्मलेलेही 'आम्ही पाहिलं' म्हणतात, आणि त्यातला एकही लबाड नाही. सिनायला मी नव्हतो, बाळा. तिथे काय घडलं ते देव जाणे. पण नुसत्या सगळ्यांच्या आठवणीवर ते सिद्ध झालं, असं माझ्याने म्हणवत नाही.

हे पत्र आधी काकूला वाचून दाखवलं. चाळीस वर्षांनी, घाबरत. मेथी निवडता निवडता म्हणाली, त्या म्हाताऱ्याचा ओला मफलर तिला दुसऱ्याच दिवशी गाडीत सापडला होता. मग गोष्ट का सांगत राहिलीस, म्हणून विचारलं. म्हणाली, तो आला एवढंच ती सांगते. कुणाच्या गाडीतून गेला ते तिला कुणी विचारलंच नाही.

मलिदा कर अथवा नको, आम्ही येतोच. पोहे आणायचे का तेवढं लवकर लिही, काकू बॅग भरते आहे.

तुझा शिमशोनकाका