चौथ्या मजल्याची तयारी

३ फेब्रुवारी

आजपासून शरीर कमावणार. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बॉडीबिल्डिंगची तीन पुस्तकं आणली. तिन्हींच्या कव्हरवर एकच गडी, अंगाला तेल चोपडून उभा. कारण साधं आहे. बायकोच्या पोटात गाठ निघाली. सव्वीस तारखेला ऑपरेशन. गाठ काढून तपासायला पाठवणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी आल्यावर काही दिवस जिना जपून. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे तिला उचलून वर न्यावं लागणार. ते काम मीच करणार. घाबरायचा प्रश्नच नाही. माझ्याकडे प्लॅन आहे.

४ फेब्रुवारी

पहिलं पुस्तक म्हणतं, स्नायू व्यायाम करताना वाढत नाहीत, विश्रांती घेताना वाढतात. आणि हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी सांगू नये! म्हणून सुरुवात विश्रांतीपासून. दुपारी टेलरिंगच्या दुकानात कटिंगच्या टेबलाखाली आडवा झालो. मालक म्हणाले, मास्तर, गिऱ्हाईक माप द्यायला येऊन परत गेलं. जाऊ दे. स्नायू वाढत होते.

६ फेब्रुवारी

दंडाचं माप घेतलं. बारा इंच. टेप जरा सैल धरल्यावर साडेबारा. आयुष्यभर लोकांची मापं घेतोय, टेप कुठे सैल धरायची ते मला शिकवू नका. काज-बटणं करणारा बुटका म्हणाला, मास्तर, जे लोंबतंय ते स्नायू नव्हे. त्याच्याशी बोलणं बंद.

७ फेब्रुवारी

आहार. दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे आधी अंगात भरपूर माल भरायचा, मग चरबी उतरवायची. उतरवायचं पुढे बघू. सकाळी सहा अंडी. बायकोला हल्ली जेवण जात नाही, ताटात अर्धं टाकते. तेही मीच संपवलं. ती म्हणाली, अहो, ऑपरेशन माझं आहे ना?

९ फेब्रुवारी

तिला वजन विचारलं. निव्वळ टेक्निकल माहिती म्हणून. तिने असं काही पाहिलं की माझा चहा गार झाला. शेवटी हॉस्पिटलच्या फाइलीत बघितलं. बासष्ट किलो. त्यातून गाठ जाणार, ती वजा. ती माझ्या गळ्यात हात टाकून निम्मा भार स्वतःच पेलणार, तो वजा. उरले जेमतेम तीस. पुस्तकातला गडी तेवढं एका हाताने उचलून वर हसतोही.

१२ फेब्रुवारी

तिचा गाऊन आत घेतला. वर्षात दुसऱ्यांदा. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच. मीच मशीनवर बसून घेतला. म्हटलं, बारीक होतेय, उचलायला बरं.

हे काय लिहून बसलो. खोडलं. खोडूनही वाचता येतंय. वरून शाई ओतली.

आज व्यायाम नको. अंडीही नकोत.

१५ फेब्रुवारी

नवा शर्ट शिवला. बाह्या सोळा इंची दंडाच्या हिशेबाने. लोक आधी दंड कमावतात आणि मग शर्ट उसवत बसतात. मी आधीच जागा करून ठेवली. घालून बघितला. हात बाहीत इकडून तिकडे फिरतो. बुटका (बोलणं पुन्हा सुरू केलंय, दुकानात दुसरं आहे कोण) म्हणाला, दुसऱ्या कुणाचा घातलाय का.

१७ फेब्रुवारी

प्रत्यक्ष तालीम. तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन जिना चढलो. पहिला मजला झकास. दुसऱ्यावर डोळ्यांपुढे काजवे, कानात शिट्ट्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाणी दिलं आणि घरी कुणाला कळवायचं विचारलं. तिसरं पुस्तक सांगतं, व्यायाम फेल्युअरपर्यंत, अंग नाही म्हणेपर्यंत, करावा. म्हणजे माझं अगदी बरोबर चाललंय. गोणी काकूंच्या दाराशीच ठेवली आहे. लागतील तसे तांदूळ भांड्याने वर आणू.

२१ फेब्रुवारी

मनाची शक्ती. आरशासमोर उभं राहून डोळे मिटायचे आणि यश डोळ्यांपुढे आणायचं. आणलं. मी जिना चढतोय. छाती बाहेर. पहिला मजला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर दार उघडतं. खाली बघतो तर हात रिकामे.

परत केलं. परत रिकामे.

हा धडा बकवास आहे. पानंच फाडून टाकली.

२४ फेब्रुवारी

बायकोने कपाट आवरलं. विम्याचे कागद इथे, पासबुक इथे, तुमचे लोकरीचे कपडे वरच्या खणात, असं दाखवत बसली. मी म्हणालो, हे मला आत्ता कशाला, माझा व्यायामाचा सेट राहिलाय. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बराच वेळ सोडला. तिने दार वाजवून विचारलं, सेट झाला का. म्हणालो, शेवटचा चाललाय. आवाज बरा आला असावा.

२६ फेब्रुवारी, सकाळ

तिला आत नेलं. जाताना म्हणाली, बाहेर काहीतरी खाऊन घ्या. कागदांवर मी केलेल्या तिन्ही सह्या वेगवेगळ्या आल्या. कालच्या वजनांमुळे. काल वजनं उचलली नव्हती. परवाच्या वजनांमुळे.

बाकावर मेहुणी आणि मी. मेहुणी स्वेटर विणतेय. मी टाके मोजतोय. सारखे चुकतायत.

दुपार

आली बाहेर. डोळे उघडले. विचारलं, जेवलात का. म्हणालो, हो. नव्हतो जेवलो. गाठ तपासायला गेली. रिपोर्ट आठवड्याने.

आठवडा!

१ मार्च

घरी आणलं. मोठ्या बाह्यांचा शर्ट घालून गेलो होतो. जिन्याशी गुडघे वाकवले, पाठ सरळ, श्वास आत, सगळं पुस्तकाप्रमाणे. ती म्हणाली, टाके आहेत, पाडाल मला, व्हा बाजूला. मग कळलं, की सावकाश, थांबत थांबत चढायला हरकत नाही असं डॉक्टरीणबाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी म्हणालो, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्हाला काहीतरी उद्योग हवा होता. नाहीतर दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसला असता.

मेहुणीचा हात धरून चढली. प्रत्येक मजल्यावर थांबली. तिसऱ्यावर माझ्यासाठी थांबली.

५ मार्च

रिपोर्ट आणायला एकटा गेलो. पाकीट हातात घेऊन घरी आलो. वाटेत उघडलं नाही. दारात उघडलं नाही. तिच्या हातात दिलं आणि खिडकीपाशी जाऊन समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या बघत राहिलो. पाकीट फाडल्याचा आवाज आला. मी टाक्या मोजायला लागलो. मग ती म्हणाली, साधी होती गाठ. दुसरं काही नाही.

जमिनीवर बसलो आणि रडलो. तोंडावर हात ठेवूनही आवाज येतच होता. घाबरलो होतो मी. महिनाभर रोज, अंडी खाताना, माप घेताना, सगळा वेळ. तिला हे सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे.

उठायला गेलो तर गुडघे ऐकेनात. टेबलाला धरलं, टेबलच सरकलं. तिला वाकायची आणि ओझं उचलायची मनाई. तिने सोफ्यावरूनच बहिणीला फोन लावला. म्हणाली, रिपोर्ट चांगला आहे, पण जरा ये, यांना उचलायचंय.

मेहुणी आली. एकटीने उचललं.