केळीच्या पानाआडची कमल

बऱ्हाणपूर, मंगळवार, नोव्हेंबर १९५६

आज संध्याकाळी इतवाऱ्यातल्या फोटोच्या दुकानातून धाकट्या बहिणीचा, कमलचा फोटो आणला. राज्यांची नवी वाटणी झाली आणि तिच्या यजमानांची, वसंतरावांची नोकरी मुंबई राज्यात गेली. उद्या ते जळगावला बिऱ्हाड हलवतायत.

परवा आम्ही जसोंडीला काकांच्या केळीच्या बागेत गेलो होतो. लहानपणी तिथे दोघी उन्हात केळीचं पान डोक्यावर धरायचो आणि एकमेकींचे हिरवे चेहरे बघून हसायचो. परवा कमलने आपणहून पान तोडलं, उन्हासमोर धरलं. माझ्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता.

"ताई, सूर्य समोर आहे! तिला इकडे वळवा, नाहीतर काळं येईल," वसंतराव ओरडले.

मी नाही वळवलं. हट्टच केला का मी?

दुकानदारही म्हणाला, "बाई, चेहरा तो आया ही नहीं." खरंच नाही आला. पण पानाची शीर न् शीर उजळलीय, आणि पानाआडून तिच्या बोटांची सावली दिसते. किती वेळ त्या बोटांकडेच बघत बसले.

कमलला भीत भीत दाखवला. तिने दिव्याजवळ नेऊन पाहिला.

"ताई, हिरवं कुठे गेलं गं?"

"फोटोत रंग येत नाही."

"मग जळगावला कुणाला दाखवला, तर हिरवं होतं ते मला सांगावं लागेल," ती म्हणाली, आणि न विचारताच फोटो ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवला.

मला हवा होता तो. तरी ट्रंकेचं झाकण मीच लावून दिलं.