पहिल्या हाकेला ओ

देवरी,
दि. ४ नोव्हेंबर

चि. सौ. नूतन हिस देवानंदचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

उभयपक्षी कुशल असे लिहिण्याचा प्रघात आज मोडतो. निम्मेच कुशल आहे. मोबाइलसारखे द्रुतगती साधन असता हा ज्येष्ठ बंधू पोस्टखात्यास कशास शिणवतो, असे तू म्हणशील. कारण इतकेच की आपल्या दोन खोल्यांच्या प्रासादात फोनवरचे प्रत्येक अक्षर मातोश्रींच्या कर्णी पडते, आणि पुढील वृत्त तेथे पडू नये.

मतदार यादीच्या पडताळणीसाठी शासनाने मज पामर शिक्षकास आमच्या केंद्राचा अधिकारी नेमले आहे. तीनशे घरांपुरते मीच राष्ट्र. गळ्यात ओळखपत्र, काखेत अर्जांचा भारा आणि मागे गावची श्वानसेना, अशा वैभवात संचार करतो. जुन्या यादीत ज्याचे नाव सापडत नाही त्यास, आपण कोण व कोठे जन्मलात हे सिद्ध करा, अशी नोटीस द्यावयाची असते. काल सातवी नोटीस लिहिली. फेकनबाई बिसराम मुंगमोडे, वय सत्त्याहत्तर. स्वहस्ते, स्वमातेस. पोचेवर त्यांचा अंगठा घेतला. कशाचा, ते सांगितले नाही.

जुनी यादी झाली त्या वर्षी मातोश्री तुझ्या बाळंतपणाला राजनांदगावी होत्या. गुड्डू आला, नाव गेले. शाळेचा दाखला नाही, कारण त्यांच्या गावी शाळाच नव्हती. वस्तुतः ही बाई प्रजासत्ताकाहून दोन महिन्यांनी वडील. मध्यप्रांतात जन्मली, मध्य प्रदेशात रांगली, मुंबई राज्यात गोवऱ्या थापल्या, महाराष्ट्रात बोहल्यावर चढली, भंडारा जिल्ह्यात आपणांस वाढविले आणि गोंदिया जिल्ह्यात म्हातारी झाली. तुझे बाळंतपण वगळता हे सर्व देशाटन एकाच तालुक्यात घडले. तिच्या अंगावरून इतकी राज्ये गेली, आणि आता राष्ट्र विचारते, आपण कोण.

गावच्या कोतवालाने पूर्वी जन्ममृत्यू टिपलेले कोतवाल बुक तहसिलीत आहे. त्याच्या नकलेसाठी अर्ज केला आहे. मी विनोद करतो आहे, परंतु मुलांच्या हस्ताक्षरास गुण देणाऱ्या मला ती नोटीस दोनदा फाडून पुन्हा लिहावी लागली, हेही नमूद करतो.

लोभ असू दे. तो पुराव्यानिशी सिद्ध कर, असे मी म्हणणार नाही.

देवानंद

*

राजनांदगाव,
दि. ९ नोव्हेंबर

ती. दादास नूतनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शब्दकोश जवळ घेऊन वाचलं. दादांनी श्लोक पाठवला का, असं यांनी विचारलं. मजकूर सांगितला तेव्हा त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला.

दादा, मला भीती वाटून राहिली आहे. आमच्या गल्लीतल्या अनुसयाबाईंना अशीच नोटीस आली होती. आता त्या भाजी आणायलाही कागदांची पिशवी घेऊन जातात, रस्त्यात कोणी विचारलं तर म्हणून. परवा मी त्यांना नुसतं कुठे चालल्या म्हणून विचारलं, तर त्यांनी पिशवी उघडली. मी हसले, आणि घरी येऊन आपले सगळ्यांचे कागद काढून बसले. तुझ्या आणि माझ्या प्रत्येक कागदावर आईचं नाव आहे. तीच कोणी नाही असं ठरलं, तर आपण कोणाचे?

नक्कल लवकर आण. आणि एक गोष्ट आत्तापासून तिच्या कानावर घालत जा. अनुसयाबाई सांगतात, नोटिशीच्या सुनावणीत शिपाई नाव एकदाच पुकारतो आणि पुढचं घेतो. आपली आई पहिल्या हाकेला कधी ओ देत नाही. पहिली हाक यमाची असते, माणूस तीनदा बोलावतो, असं म्हणून तिने आपल्याला दारातून किती वेळा ओरडायला लावलं. तहसिलीतला शिपाई तिचा लेक नाही.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशी राहू दे, भाषा थोडी कमी कर.

तुझी नूतन

*

देवरी,
दि. १७ नोव्हेंबर

चि. सौ. नूतन हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

नक्कल प्राप्त झाली. कोतवालमहाशयांचे अक्षर मोत्यासारखे आहे. ते तसे नसते तर बरे झाले असते. सन १९४९च्या नोव्हेंबरात तेरा तारखेस नोंद आहे, बकाराम यास मुलगी. बकाराम म्हणजे आईचे वडील. मुलीचे नाव लिहिण्याची तेव्हा रीत नव्हती. त्याच पानावर, काही ओळींखाली, दुसरी नोंद आहे: बकारामची मुलगी, वय नऊ दिवस, तापाने मयत.

म्हणजे मी एका मृत अर्भकाचा चोपन्न वर्षांचा पुत्र ठरतो. धर्मशास्त्रात यास उपमा नाही.

आईला विचारले. ती धान पाखडत होती. हात थांबला. तिच्याआधी तीन भाऊ पाळण्यातच गेले होते. म्हणून ही जन्मताच आजीने सुपात घालून उकिरड्यावर ठेवली, सुइणीने उचलली आणि मग सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून परत विकत घेतली. फेकलेली म्हणून फेकन. परक्याच्या टाकाऊ लेकरात यमास रुची नसते. हे तुला मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते असे की बकारामांना एवढ्याने धीर आला नाही. यमाची खात्री पटावी म्हणून नवव्या दिवशी ते कोतवालापुढे जाऊन रडले आणि मुलगी मेल्याची नोंद करवून आले. यम फसला, सत्त्याहत्तर वर्षे. शासनही फसले, ते अनवधानाने.

आता नक्कल दिली तर ती मृत, न दिली तर पुरावा नाही; नाव दोहोंकडून जाते. एकच मार्ग उरतो. तिने अधिकाऱ्यापुढे स्वमुखाने सांगावे की ती मुलगी मीच. हे मी समजावले, तेव्हा तिने माझे मनगट धरले. मत जाते त जाऊ दे, ते लिवलेलं खोडू नोको, मी जित्ती आहो हे कायले सांगून राहिला, असे म्हणाली. एवढी घाबरलेली मी तिला बाबा गेले तेव्हाही पाहिली नव्हती.

मी शाळेत विज्ञान दिनी अंधश्रद्धेवर भाषण करतो. ते गतवर्षी पंचायत समितीस आवडले होते. तोच मी ती नक्कल घरात न आणता शाळेच्या कपाटात ठेवून आलो आहे.

सल्ला दे. लोभ तर देतेसच.

देवानंद

*

राजनांदगाव,
दि. २२ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

नक्कल दे आणि आईला उभी कर. यमाला कागद वाचता येत नाही, साहेबाला येतो.

मी काल तिच्याशी फोनवर बोलले. तिला सांगितलं की आज तुझं नाव गेलं तर उद्या दादाला विचारतील, मग मला, मग गुड्डूला. खरं आहे की नाही मला माहीत नाही. एका भीतीवर दुसरी मोठी भीती घातली, आणि मला लाज वाटते. मग तिने विचारलं की शिपाई किती वेळा बोलावते. मी म्हटलं, एकदाच. तिने फोन ठेवला.

सांभाळ. आम्हाला मनात ठेव.

नूतन

*

देवरी,
दि. ३ डिसेंबर

प्रिय नूतन,

हे पत्र राजनांदगावच्या बसमध्ये कंडक्टरच्या हाती देतो आहे. फोनवर बोललो तर ऐकणारी एकटी आईच नसेल, असे मला वाटू लागले आहे. हसू नकोस.

परवा सुनावणी झाली. व्हरांड्यात पुष्कळ लोक होते. जंगलाकडच्या गावचे मुन्नालाल कागदाविना आले होते. पूर्वजांच्या नावे रोवलेले दगड गावच्या शिवेवर उभे आहेत, साहेबांनी येऊन पाहावेत, असे ते प्रत्येकाला शांतपणे सांगत होते. आई माझ्याजवळ बाकावर बसली होती. मला तिच्या वतीने ओ देता येत नव्हती. मी त्या दिवशी शासनाच्या बाजूचा.

शिपायाने नाव एकदाच घेतले. आई उठली. नूतन, आयुष्यात प्रथमच ती पहिल्या हाकेला उठली.

अधिकारी वयाने लहान आणि थकलेला होता, वाईट नव्हता. मृत्यूची नोंद खोटी कशी, असे त्याने विचारले. आईने त्याच्याकडे पाहिले नाही, त्याच्यामागच्या उघड्या दाराकडे पाहिले, आणि ते पोरगी मीच आहो, मेली नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याने लिहून घेतले, अंगठा घेतला. यादी वीस तारखेस लागेल. नाव राहील, असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटले.

घरी परतताना ती सारखी मागे वळून पाहत होती. काल सकाळपासून अंगात बारीक ताप आहे. डॉक्टर म्हणतात, हवा बदलली. मीही तेच म्हणतो, मोठ्याने. कोतवालाने लिहिलेले कारण मी तिला सांगितले नव्हते, आणि आता सांगणार नाही.

आज तिने एकच मागणे केले. तिला पुन्हा विकायचे आहे. घेणारे घर दुसरे हवे, आणि तुझे तर परराज्यात आहे, ते एक बरे. येताना सूपभर कोंडा आण. उंबऱ्याबाहेर उभी राहा, कोंडा मला दे, तिला घेऊन जा, आणि मागे वळून पाहू नकोस. माझ्या भाषणांची आठवण तू करून देऊ नयेस, ही विनंती.

राष्ट्राला मी लेखी दिले आहे की ती आहे. तुम्ही निघालात की मी दारात बसेन. त्यानंतर कोणी येऊन तिच्या नावाने हाक मारली, तर घरोघरी अर्जावर जो शेरा लिहीत आलो तोच त्याला सांगेन, की या पत्त्यावर या नावाचे कोणी राहत नाही.

माया असू दे. उद्याच नीघ.

तुझा दादा