गाडी मुलीच्या मापाची करून घ्यावी

मी खाली सही करणारा, वय अठ्ठेचाळीस, धंदा मोटार दुरुस्ती, शिक्षण गावच्या शाळेत झाले तेवढे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको, आणि देवावर माझा भरवसा आहे. तरी दोघांवरही फार भार टाकू नये म्हणून हे लिहून ठेवतो. डोके ताळ्यावर आहे. कोणाचा दबाव नाही, उलट घरच्यांनी "आत्ताच हे कशाला?" म्हणून मला थांबवून पाहिले.

१. राहते घर आणि बँकेतली सर्व शिल्लक माझ्या पत्नीस. हे घर तिच्या शिलाई मशीनवर उभे राहिले आहे. कागदावर नाव माझे लागले, ती चूक या कलमाने दुरुस्त व्हावी.

२. थोरल्या दादाने माझ्या लग्नात पाहुण्यांना सांगितले होते, "आमचा धाकटा गाड्यांच्या पोटाखाली झोपतो." तो राग मी बरीच वर्षे जपला. पण स्वतःची गाडी दादा माझ्याशिवाय कोणाच्या हाती देत नाही, हेही खरे. राग सोडला आहे. माझी आरामखुर्ची त्याला द्यावी. ती करकरते; तेल घालून देऊ नये.

३. गॅरेजमधला माझा अर्धा हिस्सा, पाने, जॅक आणि चाकांखाली ठेवायचे चारही वजनकाटे मुलीस. उरलेला अर्धा माझ्या भागीदाराचा आहेच. त्याला सगळे पहिलवान म्हणतात, कारण त्याने आवळलेला नट दुसऱ्या कोणाला सुटत नाही.

ट्रॅकवर पळवायच्या आमच्या छोट्या गाडीला उंची कमीजास्त करता येणारे सस्पेन्शन घेतले, तेव्हा स्प्रिंगा पहिलवानाने निवडल्या. दुकानातल्या सर्वांत कडक. "जेवढी कडक, तेवढी गाडी पळते," म्हणाला. लांब वळणावरच्या खडबडीत पट्ट्यात गाडी बेडकासारखी उड्या मारत बाहेर गेली. चाक जमिनीला टेकेचना, मग पकड कुठून येणार?

"ट्रॅक खराब आहे," पहिलवान म्हणाला. "स्प्रिंगा झकास आहेत."

"मग ट्रॅक बदलून आण."

त्याने पाना उचलला. भर उन्हात एकट्याने सगळे उतरवले, नरम जोड्या बसवल्या आणि हात पुसत म्हणाला, "पुढच्या वेळी माझं ऐकलंस तर तू गाढव." असा भागीदार मिळाला याबद्दल मी देवाचे रोज आभार मानतो. त्या कडक स्प्रिंगा माळ्यावर आहेत. त्या पहिलवानास द्याव्यात. अट एवढीच की मुलीच्या गाडीजवळ नेऊ नयेत.

४. आता ती गाडी. ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते हेच कलम.

या सस्पेन्शनच्या नळीवर आटे असतात आणि स्प्रिंग एका रिंगेवर बसते. रिंग वर फिरवली की गाडीचा तो कोपरा उचलला जातो आणि त्या चाकावरचा भार वाढतो. तिरक्या बाजूच्या चाकावरचाही वाढतो. म्हणून चारही रिंगा चालवणाऱ्याला आत बसवूनच लावायच्या असतात.

मला हे काम शिकवणारे माझे वस्ताद गेले तेव्हा आम्ही हे विसरलो. त्यांची आठवण म्हणून त्यांच्या गाडीच्या रिंगांना कोणी हात लावला नाही. वस्ताद देहाने माझ्या दीडपट. मी ती गाडी पळवली, तर प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबला की पुढचे एक चाक जाम होऊन गाडी भिंतीकडे ओढायची. माझी पत्नी डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अहो, वस्तादांचा सदरा घालून तुम्ही कोणाच्या लग्नाला जाल का? मग त्यांच्या मापाच्या गाडीत कसे बसता?" त्याच दिवशी रिंगा फिरवल्या. मी आज हे लिहायला शिल्लक आहे तो तिच्यामुळे.

आणि काल मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं काही झालं तर मी रिंगांना हात लावणार नाही. तुम्ही लावल्यात तशाच राहतील."

"तुझं वजन माझ्या निम्म्याहून जरासं जास्त. गाडी तुला वळणातून बाहेर फेकेल."

"मी सांभाळून चालवीन."

"सांभाळून चालवायला ट्रॅकवर कोण जातं गं?"

"मग तुमचं असं गाडीत काय उरेल?" असे म्हणून ती रडली आणि तिने दार लावून घेतले. म्हणून बोलून झाले नाही ते लिहितो.

बाळ, माझे काही उरू नये. जो आत बसलेला नाही, त्याचे वजन गाडीने वाहू नये. आधी माझ्या आहेत त्यापेक्षा एक पायरी नरम स्प्रिंगा निवड. चाक हवेत लोंबकळत असताना स्प्रिंग हलवून बघ. खुळखुळली तर ती आखूड पडते आहे. शर्यतीला असते तेवढे पेट्रोल भर, चाकांत हवा बरोबर कर, हेल्मेट घालून आत बस, आणि वजनकाट्यांवरचे आकडे पहिलवानाला वाचू दे. मग खाली उतर, रिंगा तू फिरव आणि पुन्हा आत बस; तिरक्या जोड्यांचे आकडे जुळेपर्यंत असेच कर. शेवटी आवळायला मात्र त्यालाच बोलाव. रिंगांवर मी पांढऱ्या रंगाने खुणा केल्या आहेत, त्या पुसून टाक.

हे सर्व तिने स्वतःच्या हाताने केल्यावरच गाडी तिच्या मालकीची होईल.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते, हे मला ठाऊक आहे. हे कलम मात्र आजपासून लागू समजावे. देवाच्या कृपेने मी परत आलो तरी रिंगा तिच्याच मापावर राहतील. मला गाडी चालवावीशी वाटली, तर मी तिला विचारीन.

५. बाकी कोणाचे माझ्याकडे काही राहिले असेल तर मागून घ्यावे. माझे कोणाकडे काही राहिलेले नाही. मला पुष्कळ मिळाले.

सही: लिहून देणार

साक्षीदार: १. आमचे घरचे डॉक्टर. २. शेजारच्या दुकानातले पेंटर.

साक्षीदारांचा शेरा: वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. लिहून देणार यांची कन्या खोलीत हजर नव्हती. ती बाहेर रिंगा फिरवायला गाडीची चाके उतरवीत होती.

स्थळ: गॅरेजची मागची खोली
दिनांक: बारा ऑक्टोबर, रविवार