मिठाच्या गोणीशी शर्यत

पावणे,
दि. ५ एप्रिल १९६४

चि. सौ. शांती हिला गंगूताईचे पोटभर आशीर्वाद.

पोटभर म्हटलं म्हणून हसू नकोस. सध्या माझ्याकडे पोटभर आहे ते एवढंच. बाकी सर्व क्षेम. यंदा मीठ पांढरंशुभ्र पिकलंय, तुझे भावोजी दिवसभर आगरावर असतात. महाप्याकडे कारखान्यांसाठी जमिनी मोजतायत म्हणे, त्यामुळे ज्याच्या त्याच्या तोंडी मोजमाप. मग मीच का मागे राहू?

माझ्या बेंबीपाशी ती गाठ येते ना, टोपल्या वाहून वाहून झालेली? ठाण्याच्या मालतीबाई डॉक्टरीण म्हणाल्या, हा अंतर्गळ. ऑपरेशन करायला हवं, नाहीतर एखाद्या दिवशी आतडं अडकेल आणि मग काही खरं नाही. पण एवढ्या चरबीत टाके धरायचे नाहीत, आधी वजन उतरव. तेही सावकाश. भाकरी सोडायची नाही, भात कमी, मासळी तळायची नाही, टोपली उचलायची नाही, आणि दर पंधरवड्याला वजन नि रक्तदाब दाखवायला जायचं.

मी विचारलं, "बाई, उतरलेलं वजन जातं कुठे?" त्या म्हणाल्या, "बरंचसं श्वासावाटे." शांते, मी थक्कच झाले! म्हणजे माझी चरबी वाऱ्यावर? कुणाच्या अंगणात जाते, काय माहीत.

आता दर खेपेला ठाण्याला जायचं म्हणजे एसटीची वाट बघण्यातच दिवस जातो. म्हणून मी युक्ती काढली. आगरावर मोठा काटा आहेच. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर शेजारच्या बायजाला घेऊन गेले. एका पारड्यात मी बसले, दुसऱ्यात तिने गोणी ठेवली आणि राशीतलं ताजं मीठ भरत गेली. काटा सरळ झाला, गोणी शिवली, छपराखाली ठेवली. झाली माझ्या वजनाची गोणी! बायजा आणि तिची जाऊ दर सोमवारी ती चढवतात, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसतो, मी आणि गोणी. मी वर गेले की समजायचं, उतरलं.

पण ती बया हटत नाही गं! दर वेळी बरोबरी. गेल्या सोमवारी तर मीच खाली. म्हणून आता भाकरी बंद केलीय. सकाळी कोरा चहा, रात्री थोडी पेज. चोळ्या सैल होतात, पण त्या जुन्याच आहेत. केस गळतात ते खाऱ्या वाऱ्याने. परवा उगाच जरा चक्कर आली, ऊन फार होतं. पण हिला हरवल्याशिवाय मी राहायची नाही.

तुझ्या भावोजींना यातलं काही कळवू नकोस. ते उगाच आरडाओरडा करतात.

तुझी हट्टी,
गंगूताई


पावणे,
दि. १० मे १९६४

शांते,

आधी हे वाच, मी जिवंत आहे. तुझ्या कानावर जे आलं असेल त्यातलं निम्मं तरी खरं आहे.

त्या सोमवारी पारड्यातून उतरले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा बांधावर आडवी होते, बायजा रडत होती आणि हे गोणीजवळ उभे. बायजाने सगळं सांगून टाकलं होतं. यांनी गोणी ठेवायच्या जागेवर हात फिरवला. जमीन ओलीचिंब.

"वल्लं मीठ भरलंस? आनि त्याच्याशी सोताला तोलतेस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताजं मीठ झिरपतं, गोणी दिवसेंदिवस हलकी होते, हे मला कुणी शिकवायचं? ओलाव्याची घट कापतो म्हणून व्यापाऱ्याशी दर हंगामात भांडणारी मी! मी उतरत होते तशी तीही उतरत होती. मी भाकरी सोडली, ती पाणी सोडत होती. एवढे उपास काढून मी कुणाला हरवायला निघाले होते, तर मिठाला!

मिठाच्या ट्रकमधून यांनी मला ठाण्याला नेलं. मालतीबाईंनी काट्यावर उभं केलं, डोळे ओढून पाहिले आणि कपाळाला हात लावला. "इतकं भराभर? अंगात रक्त नाही उरलं तुझ्या. आता चिरलं तर जखम भरणार कशी? का नाही आलीस माझ्याकडे?"

मी एसटीचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणखी काय?"

तुलाही मी एसटीचंच सांगितलं होतं. ते खोटं. पहिल्याच खेपेला कंपाउंडरने माझा आकडा मोठ्याने पुकारला, आणि बाकावर कोण, तर आमच्या आळीतली पुतळा! दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका मला बघून एकमेकींना खुणावू लागल्या. मग मागून पुतळा म्हणाली, "हिला तोलाया मिठाचाच काटा लागंल." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन रडले. पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही असं ठरवलं, आणि रागाने मिठाचाच काटा धरला.

बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, यापुढे तुझं वजन मी स्वतः करीन, पडद्याआड. आणि आता आधी खायचं. भाकरी, पालेभाजी, मासळीचं कालवण. अंगात रक्त भरलं की मग पुन्हा हळूहळू उतरायचं, त्यांच्या नजरेखाली. ऑपरेशन गेलं दिवाळीनंतर. तोवर गाठ टणक झाली, दुखली, उलट्या झाल्या तर क्षणभर थांबायचं नाही, तडक ठाणं गाठायचं.

ते ऐकताना मला आई दिसत होती गं. तिचीही गाठ अशीच होती. ती पदराआड दाबून ठेवायची, आणि आपण शेवटपर्यंत पोट दुखतंय एवढंच समजत राहिलो. तुला हे कधी बोलले नाही, तूही मला नाही.

ऑपरेशनच्या वेळी जवळ कोण राहणार, असं बाईंनी विचारलं. हे शेजारीच उभे होते, तरी मी तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता. शांते, मला भीती वाटते. मला मरायचं नाही. तू ये, आणि मी गुंगीतून डोळे उघडेपर्यंत खाटेपासून हलू नकोस.

आज दोन भाकऱ्या खाल्ल्या. बाईंनी सांगितल्या होत्या तेवढ्याच.

कितीही उतरले तरी तुला पुरून उरणारी,
गंगूताई